डोळे, लघवी आणि शी बघा : पोटाचे आणि काळजाचे आजार ओळखायचे कसे

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य गटाने मांडलेला विषय. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. वाचता येणाऱ्याने बाकीच्यांना वाचून दाखवावा.)



काल दिवसभर आपण जमिनीवर बोललो. कोणाची दंडाची पावती आहे, कोणाची नाही, पंचनामा कसा करून घ्यायचा, हे सगळं झालं. आज सकाळी आम्ही उठून पोटाच्या आजारावर बोलायला लागलो तर मागून एकाने विचारलंच, "जमिनीच्या शिबिरात हगवणीचं काय काम?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. आपल्या पाड्यांवर कर्ज कशापायी होतं ते आठवून बघा. बियाणं, लग्न आणि आजारपण. बियाण्याचं कर्ज पिकातून फिटतं, लग्नाचं दोन वर्षांत फिटतं. आजारपणाचं कर्ज घाईत काढलेलं असतं, रात्री काढलेलं असतं, आणि त्यात बैल जातो नाहीतर शेत गहाण पडतं. ज्या जमिनीसाठी आपण मोर्चे काढले, ती चार सलाईनच्या बाटल्यांपायी दुसऱ्याच्या हातात जाते. दुसरं असं की जमीन कोण किती वर्षांपासून कसतो याची साक्ष म्हातारी माणसंच देतात. ती पावसाळ्यात उलटी-हगवणीने गेली तर साक्ष त्यांच्याबरोबर जाते. म्हणून हा विषय जमिनीचाच आहे.

आम्ही डॉक्टर नाही. तुम्हालाही डॉक्टर करायचं नाही. आम्हाला एवढंच हवं आहे की आजारी माणसाकडे बघून तीन गोष्टी ठरवता याव्यात : घरीच बरं होईल का, उद्या दवाखान्यात न्यायचं का, का आत्ताच झोळी बांधायची. झोळी उशिरा बांधली म्हणून माणसं गेलीत, आणि घरी बरं होणाऱ्या आजारासाठी शेळ्या विकल्या गेल्यात. दोन्ही थांबवता येतं.

बोकड कापताना काय दिसतं

बोकड कापलेला सगळ्यांनी पाहिलाय. पोटात काय काय असतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. कोथळा, लांबच लांब आतडी, आणि उजव्या अंगाला मोठी तांबडी कलेजी. माणसातही तसंच. उजव्या बरगडीच्या खाली कलेजी असते. कोणी तिला काळीज म्हणतं, पुस्तकात यकृत लिहितात.

कलेजीला चिकटून एक हिरवी पिशवी असते. ती फुटू नये म्हणून कापणारा जपून काढतो, कारण फुटली तर सगळं मटण कडू होतं. ते पित्त. कलेजी पित्त तयार करते, ते नळीने आतड्यात उतरतं आणि अन्नातलं तेल-चरबी पचवतं. आपल्या शीला जो पिवळा-तपकिरी रंग येतो तो या पित्ताचा.

आता नीट ऐका, पुढचं सगळं यावर उभं आहे. कलेजी आजारी पडली किंवा पित्ताची नळी तुंबली, तर तो पिवळा रंग आतड्यात न जाता रक्तात राहतो. रक्तातून डोळ्यांत दिसतो, लघवीतून बाहेर पडतो. म्हणून डोळे पिवळे होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. नळी पुरी तुंबली तर शीला रंगच मिळत नाही, ती मातीसारखी पांढुरकी होते. माणूस दाखवायला लाजतो, पण कलेजीची खबर या तीन ठिकाणीच मिळते : डोळे, लघवी, शी.

हगवण : मरतो तो पाण्यावाचून

पावसाळ्यात सगळ्यात जास्त हीच येते. हगवण लागलेला माणूस बहुतेक वेळा हगवणीच्या जंतूने मरत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ संपतं म्हणून मरतो. लहान मूल एका दिवसात जाऊ शकतं. पाणी कमी पडायला लागलं की अशा खुणा दिसतात :

तोंड आणि जीभ कोरडी पडते. डोळे खोल जातात. मूल रडतं पण अश्रू येत नाहीत. तान्ह्या मुलाची टाळू आत बसते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही, वळी तशीच राहते. लघवी थोडी होते, मग बंदच होते. शेवटी मूल मान टाकतं, पाजलं तरी गिळत नाही.

म्हणून या शेवटापर्यंत थांबायचंच नाही. पहिल्या पातळ शीपासून पाणी सुरू करायचं. एक लिटर उकळून थंड केलेलं पाणी, म्हणजे साधारण पाच पेले. त्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, शीग लावलेले नाहीत. ढवळून आधी स्वतः चाखा. अश्रूपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, पुन्हा करा. जास्त मीठ मुलाला बाधतं. दवाखान्यात जलसंजीवनीची पुडी मिळते, ती मिळाली तर उत्तमच. काहीच नसेल तर तांदळाची किंवा ज्वारीची पातळ पेज, थोडं मीठ घालून.

प्रत्येक शीनंतर मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्याला मागेल तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने द्या. अंगावरचं दूध बंद करू नका. "हगवणीत उपाशी ठेवा" असं म्हणतात ते चूक आहे. मऊ भात, खिचडी, केळं द्या.

कोणी म्हणेल, साखर-मिठाच्या पाण्याने काय होतं, सुई पाहिजे. तर १९७१ सालची गोष्ट सांगतो. बांगला देशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तिथले डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांनाच पाजायला लावलं. आधी शंभरातले तीसेक रोगी मरत होते, ते चारच्या खाली आले. पाजणारे तुमच्या-आमच्यासारखेच होते. सलाईनच्या बाटलीत तरी काय असतं? पाणी, मीठ आणि साखरच. जो तोंडाने पिऊ शकतो त्याला बाटलीची गरज नाही. जो पिऊ शकत नाही, बेशुद्ध आहे, किंवा ज्याची लघवी सहा-आठ तास बंद आहे त्याला बाटली पाहिजेच, आणि लगेच पाहिजे.

शीचा रंगही बघा. तांदळाच्या धुवणासारखी, वास नसलेली आणि धो-धो होणारी शी म्हणजे पटकीची शंका. एक माणूस दिसला तरी सगळा पाडा जागा झाला पाहिजे. शीत रक्त आणि शेंबडासारखी आव, सोबत पोटात कळ आणि ताप, तर ती रक्ती आव. तिला गोळ्या लागतात, पाणी देत देत दवाखान्यात न्या.

कावीळ

कावीळ हे एका आजाराचं नाव नाही. डोळे पिवळे होणं ही खूण आहे. ताप म्हटल्यावर कशाचा ताप हे विचारतो, तसं कावीळ म्हटल्यावर कशाची कावीळ हे विचारायचं.

सगळ्यात जास्त दिसते ती घाण पाण्यातून येणारी कावीळ. ती डोळ्यांत दिसायच्या चार-आठ दिवस आधीच सुरू होते. बारीक ताप, अंग मोडून येणं, अन्नाचा वास नको वाटणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा. रोज बिडी ओढणारा म्हणतो, बिडी कडू लागते. एवढं झालं की लघवी तपासा. पांढऱ्या वाटीत किंवा काचेच्या बाटलीत धरून उजेडात बघा. मग डोळे बघा, पण दिव्याच्या उजेडात नाही, चिमणीच्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात. दिवसा, बाहेर, वरची पापणी उचलून बघायचे.

या काविळीला औषध नाही. ना आमच्याकडे, ना मोठ्या दवाखान्यात. पण बहुतेक माणसं तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होतात. आराम पाहिजे, अन्न पाहिजे, भरपूर पाणी पाहिजे. ऊस, गूळ-पाणी, भाकर, डाळ, जे रुचेल ते थोडं थोडं खायचं. हळद खाल्ल्याने कावीळ वाढत नाही. दारूचा मात्र एक थेंब नको, बरं झाल्यावरही काही महिने नको.

आता माळेचं. काविळीची माळ गळ्यात घालतात, ती रोज खाली उतरते आणि पोटापर्यंत आली की कावीळ गेली म्हणतात. माळ घातली नसती तरी तेवढ्या दिवसांत कावीळ गेलीच असती. माळ घातल्याने नुकसान काही नाही, घालायची तर घाला. नाकात रस पिळणं, डोळ्यांत औषध घालणं आणि पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देणं, याने मात्र नुकसान होतं. डाग दिलेलं लेकरू जखम पिकून जातं. आमचं भगतांशी भांडण नाही. आजच्या शिबिरात दोन भगत बसलेले आहेत आणि त्यांनीच सांगितलं की डाग बंद करायला ते तयार आहेत. आमची विनंती एवढीच : मंत्र टाका, धीर द्या, आणि धोक्याची खूण दिसली की तुम्हीच सांगा, "आता दवाखान्यात न्या." तुमचा शब्द आमच्यापेक्षा जास्त ऐकतात.

धोक्याच्या खुणा या : पिवळा माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, बरळतो, माणसं ओळखत नाही, हात पुढे केले तर पंजे फडफडतात. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. उलटी थांबतच नाही. पोट फुगतं. यातली एकही खूण दिसली तर कलेजी हरत चालली आहे. त्याच रात्री निघायचं.

आणि गरोदर बाई. पाण्यातून येणाऱ्या काविळीची एक जात अशी आहे की ती बाकीच्यांना सोडते पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला सोडत नाही. शंभरात वीसपर्यंत बाया त्यात जातात. दिल्लीत १९५५ च्या डिसेंबरात नाल्याची घाण यमुनेतून पिण्याचं पाणी उचलायच्या जागी शिरली आणि एकोणतीस हजारांच्या वर लोकांना कावीळ झाली. तिथेही गरोदर बायांचेच हाल जास्त झाले. राजधानीत असं होतं, तर आपल्या झिऱ्याचं काय सांगावं. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर वाट बघायची नाही, माळ नाही, काही नाही. सरळ दवाखाना.

दुसरी कावीळ रक्तातून येते. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली की ती पसरते. बाळंतपणात आईकडून मुलाला येते. नवरा-बायकोत एकाकडून दुसऱ्याला येते. ही काहींच्या अंगात वर्षानुवर्षं मुरते आणि शेवटी कलेजी कडक करते. म्हणून बाजाराच्या दिवशी सायकलवर येऊन सुई टोचणाऱ्याला विचारा : सुई नवी आहे का? माझ्यासमोर पाकीट फोड. तो चिडला तर उठून या. गोळीने भागत असेल तिथे सुई मागूच नका. सुई मागणारे आपणच असतो, म्हणून टोचणारा येतो.

आणखी काही ध्यानात ठेवा. थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे, तर हिवताप असू शकतो. रक्ताची काच घ्यायला लावा. लहानपणापासून अधूनमधून डोळे पिवळे होतात, हातापायाचे सांधे ठणकतात आणि अंगात रक्त राहत नाही, तर ते सिकलसेल असू शकतं. ते आपल्या लोकांत आहे आणि रक्त तपासल्यावरच कळतं. उजव्या बरगडीखाली जोराची कळ, हुडहुडी भरून ताप, पिवळे डोळे आणि पांढरी शी, तर पित्ताची नळी तुंबली असेल, मोठा दवाखाना लागेल. कावीळ फारशी नाही पण ताप आहे, उजवी बरगडी दाबली किंवा खोकला आला तर दुखतं, दुखणं खांद्यात जातं आणि मागे कधी आव झाली होती, तर कलेजीत पू झालेला असू शकतो. त्याला औषध आहे आणि माणूस पुरा बरा होतो, पण वेळेत गेला तर.

नवं बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं पिवळं दिसतं आणि दोन आठवड्यांत उजळतं, त्याला भिऊ नका, अंगावर पाजत राहा. पहिल्याच दिवशी पिवळं झालं, तळहात-तळपाय पिवळे झाले, पीत नाही, किंवा शी पांढरी आहे, तर लगेच न्या.

दारू आणि जलोदर

मोहाची दारू आपल्या देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते. त्या चार थेंबांवर आम्ही बोलत नाही. आम्ही बोलतो ते रोजच्या दारूवर, आणि त्यातही जी अड्ड्यावर उधारीने मिळते तिच्यावर. दारूच्या बाटलीवर किती अंगठे उठले आणि त्या अंगठ्यांनी किती जमिनी गेल्या, हे तुमचेच म्हातारे सांगतात. शहादा-तळोद्याकडे सत्तरच्या सालांत आदिवासी बायांनी दारूचे अड्डे मोडले, ते उगाच नाही.

रोज पिणाऱ्याची कलेजी आधी सुजते, मग हळूहळू कडक होते. दगडावर पडलेलं पाणी मुरत नाही, तसं कडक कलेजीतून रक्त पुढे सरकत नाही. मग पाणी पोटात साठतं. हा जलोदर. हात-खांदे वाळतात, पोट नगाऱ्यासारखं होतं, पाय सुजून बोटाने दाबलं तर खड्डा पडतो, पोटावर निळ्या शिरा दिसतात. एक दिवस अचानक रक्ताची उलटी होते. डोळे पिवळे व्हायच्या आधीच हे सगळं होऊ शकतं. बाईला हे पुरुषापेक्षा कमी दारूत होतं. सुरुवातीलाच दारू सोडली तर कलेजी बरीच सावरते. जलोदर झाल्यावर सोडली तरी दिवस वाढतात. कुठल्याही टप्प्यावर सोडणं फुकट जात नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली आणि त्याला कापरं भरलं, भास व्हायला लागले, झटका आला, तर त्याला दवाखान्यात न्या. तो नाटक करत नाही.

पोट फुगलं म्हणजे दारूच, असं मात्र म्हणू नका. न पिणाऱ्यालाही क्षयाने, काविळीने पोटात पाणी होतं. डाव्या बरगडीखाली गोळा लागत असेल तर ती पाणथरी, हिवतापाने किंवा सिकलसेलने वाढलेली. फुगलेल्या पोटाच्या बाईला "चोरून पिते" म्हणून बोलणं ही हिंसाच आहे.

बुरशीचं धान्य

हे आपल्या भागाला लागू आहे म्हणून जरा विस्ताराने सांगतो. १९७४ साली गुजरातेत पंचमहाल आणि राजस्थानात बांसवाडा इथल्या भिल्ल पाड्यांवर कावीळ आली. आपलेच लोक, आपल्यासारखेच मका खाणारे. त्या साली मका काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, कणसं भिजली, भिजलेली तशीच साठवली, त्यावर बुरशी धरली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तीच दळून खाल्ली. आधी उलट्या, अन्न नको, मग डोळे पिवळे, मग पोटात पाणी आणि पायांवर सूज. ३९७ आजाऱ्यांची नोंद झाली, त्यातली १०६ माणसं मेली. घरच्या भाकरीचे तुकडे खाणारी कुत्रीसुद्धा पिवळी पडून, पोटं फुगून मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी तपासलं तेव्हा मक्याच्या बुरशीतलं विष सापडलं.

हे विष भाजून जात नाही, शिजवून जात नाही, बुरशी पुसली तरी दाण्यात राहतं. म्हणून मका, भुईमूग, ज्वारी भिजली तर उन्हात, मोकळ्या जागी, दाणा दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवा. कणगी जमिनीवर नको, दगड किंवा लाकडाच्या फळीवर ठेवा. हिरवा, काळा, सुरकुतलेला दाणा निवडून टाका, कोंबड्यांनाही घालू नका. आणि कुत्री आजारी पडायला लागली, घरोघर एकदम पोटं फुगायला लागली, तर पाण्याबरोबर धान्यही तपासा.

त्याच सुमाराला तेव्हाच्या मध्य प्रदेशात सरगुजाकडे गोंदली नावाच्या बारीक धान्यात एका रानझाडाच्या बिया मिसळल्या गेल्या आणि लोकांची पोटं पाण्याने भरली. तिकडे त्याला झुनझुनिया म्हणतात. आपल्याकडे त्याच कुळातल्या, वाळल्या शेंगा वाजणाऱ्या झाडांना खुळखुळा म्हणतात. मोर, भादी, कोद्रा काढताना शेतातला खुळखुळा आधी उपटून वेगळा करा.

पंचमहालच्या लोकांना बुरशी दिसत नव्हती असं नाही. दिसत होती. पण खायला दुसरं नव्हतं. म्हणून "बुरशीचं खाऊ नका" एवढं सांगून आमचं काम संपत नाही. रेशनवर सडकं धान्य आलं तर ते घ्यायचं नाही, परत करायचं, पाड्याच्या सगळ्यांनी मिळून परत करायचं, आणि चांगलं मिळेपर्यंत हलायचं नाही. एकट्याने परत केलं तर तो उपाशी राहतो.

पोटदुखी : कधी थांबायचं नाही

उपाशीपोटी बेंबीच्या वर जळजळतं, खाल्लं की बरं वाटतं, असं महिनोन्‌महिने चालतं, तर पोटात जखम असू शकते. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी खाल्ल्या तरी अशी जखम होते आणि तिच्यातून रक्त वाहतं. वरचं रक्त खाली येईपर्यंत काळं होतं, म्हणून शी डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची होते. नर्सबाईंच्या रक्तवाढीच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट नसते आणि चक्कर येत नाही. डांबरी शी आणि चक्कर, किंवा उलटीत रक्त नाहीतर चहाच्या चोथ्यासारखं काळं, तर आत्ताच निघा.

बेंबीपाशी सुरू झालेली कळ काही तासांत उजव्या बाजूला खाली जाऊन बसली, चालताना धक्का लागला की दुखतं, बारीक ताप आहे, तर जुलाब देऊ नका. पोट चोळू नका. "बेंबी सरकली" म्हणून वर उचलू नका. आतलं फुटतं. पोट लाकडासारखं कडक झालं, किंवा शी आणि वारा दोन्ही बंद होऊन पोट फुगलं आणि हिरवी उलटी होते, तर आतडं अडलंय. लहान मुलात जंतांच्या गोळ्यानेही असं होतं. हे कापूनच बरं होतं, आणि तास मोजून बरं होतं.

चाळिशीच्या पुढच्या माणसाला घास अडकायला लागला, कारण नसताना वजन उतरलं, शीची सवय बदलून त्यात रक्त यायला लागलं, तर मोठ्या दवाखान्यात तपासणी करा. "म्हातारपण आहे" म्हणून सोडू नका.

पाड्यावर लिहून ठेवा

घरी : साधी पातळ हगवण, पाणी पितो आहे, लघवी होते आहे. डोळे पिवळे पण शुद्ध चांगली, थोडं खातो-पितो.

उद्या सकाळी दवाखाना : रक्ती आव. दोन दिवसांत न थांबलेली हगवण. पहिल्यांदा दिसलेली कावीळ. पिवळे डोळे आणि थंडी-ताप. हळूहळू फुगणारं पोट, सुजलेले पाय. महिनाभराची पोटदुखी. कमी होणारं वजन.

आत्ताच, रात्र असली तरी : मान टाकलेलं मूल. लघवी बंद. धुवणासारखी शी. कावीळ झालेली गरोदर बाई. कावीळ आणि बरळणं, रक्त येणं किंवा न थांबणारी उलटी. रक्ताची उलटी, डांबरी शी. कडक पोट. शी-वारा बंद. उजव्या बाजूला बसलेली कळ.

दवाखान्यात गेल्यावर

आपली माणसं साहेबांसमोर गप्प होतात. "पोट दुखतं" एवढंच सांगतात आणि पुडी घेऊन येतात. मराठी नीट बोलणारा एक जण बरोबर न्या. जायच्या आधी पाच गोष्टी पाठ करा : कधीपासून, दिवसातून किती वेळा, शी आणि लघवीचा रंग, शेवटची लघवी कधी झाली, आधी कोणती गोळी किंवा सुई घेतली. झाडपाल्याचं औषध घेतलं असेल तर लपवू नका, तेही सांगा. रागावले तर रागावू द्या.

आणि कागद मागा. दंडाची पावती आपण पत्र्याच्या डब्यात वीस वर्षं जपतो, कारण तीच जमिनीचा पुरावा होते. तशीच दवाखान्याची चिठ्ठी जपा. पुढच्या डॉक्टरला ती लागते. आणि एका पाड्यावरच्या दहा चिठ्ठ्या एकत्र केल्या तर त्या पुरावा होतात, की या पाड्याचं पाणी खराब आहे आणि हातपंपाचा अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरतो आहे.

शिबिरात ठरलं ते

एक. प्रत्येक पाड्यावर दोन जणांनी, एक बाई आणि एक पुरुष, आजाराची वही ठेवायची. नाव, तारीख, खूण. एका आठवड्यात एकाच पाड्यावर दोन पिवळे किंवा तीन हगवणवाले दिसले की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची.

दोन. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक पाड्यावर झोळी, दोन बांबू, कंदील आणि उचलणाऱ्या आठ जणांची नावं पक्की करायची. नाल्याला पूर आला तर कुठल्या वाटेने जायचं तेही आधी ठरवायचं.

तीन. झिऱ्याला दगडांची कड घालायची, त्याच्या वरच्या अंगाला कोणी परसाकडला बसायचं नाही, गुरं वेगळ्या जागी पाजायची. घरात हंडा झाकायचा, पाणी ओगराळ्याने काढायचं, हात बुडवायचा नाही. साथ असेल तेव्हा खळखळ उकळूनच प्यायचं. शीनंतर आणि जेवणाआधी हात राखेने नाहीतर साबणाने धुवायचे.

चार. पुढच्या महिन्याच्या तहसीलवरच्या मोर्चात जमिनीच्या मागण्यांच्या खालीच या मागण्या लिहायच्या : वनगावांत हातपंप, पावसाळ्यात दर आठवड्याला आरोग्य सेवकाची फेरी, जलसंजीवनीच्या पुड्या पाड्यावर आणि रेशनवर खायच्या लायकीचं धान्य. वहीतली पानं अर्जाला जोडायची.

वहीसाठी कागद संघटनेच्या कचेरीत ठेवले आहेत. जाताना प्रत्येक पाड्याने आपला गठ्ठा न्यावा. लिहिता न येणाऱ्यांनी खूण काढली तरी चालेल : हगवणीला पाण्याचा थेंब, काविळीला डोळा, रक्ताला तांबडी रेघ. पुढच्या बैठकीला वह्या घेऊनच यायचं.

जिंदाबाद!